यवनांचे खांब, यवनांची टाकी

जानेवारीत यवतमाळहून आर्णी-उमरखेडच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना फरदडीचा कापूस दिसतो. मोठी वेचणी उरकलेली असते. झाडं काळवंडलेली, आणि शेंड्याकडच्या चार-दोन बोंडांतून कापूस लोंबत असतो. आपल्याला त्यात पाहण्यासारखं काही वाटत नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ग्रीकांना मात्र ही गोष्ट नुसती ऐकूनच अचंबा वाटला होता. भारतात रानझाडांना लोकर लागते, ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस असते आणि तिथले लोक तिचीच वस्त्रं नेसतात, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलं. पुढं सिकंदराच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याने ती वस्त्रं डोळ्यांनी पाहिली: पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा अंगरखा, खांद्यावरून घेतलेलं एक वस्त्र आणि डोक्याला गुंडाळलेलं दुसरं. आमच्याकडच्या आठवडी बाजारात हा पोशाख परवा-परवापर्यंत दिसायचा.

महाराष्ट्रात ग्रीकांच्या खुणा कुठं कुठं आहेत ते पाहायचं, एवढंच डोक्यात घेऊन ही वाट धरली होती. सिकंदर इकडं कधी आला नाही. इ.स.पू. ३२६ मध्ये बियास नदीवर त्याच्या सैन्यानं पुढं जायला नकार दिला आणि तो मागं फिरला. दख्खनमध्ये पोचलेले ग्रीक दोन वाटांनी आले. एक वाट वायव्येची: बॅक्ट्रिया आणि पंजाबात राज्य केलेल्या ग्रीक घराण्यांच्या प्रजेतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडं सरकत आली. दुसरी समुद्राची: रोमन अमलातल्या इजिप्तमधले ग्रीक बोलणारे व्यापारी मोसमी वाऱ्यावर गलबतं हाकत आपल्या किनाऱ्याला लागले. दोघांनाही आपल्याकडचे लेख ‘यवन’ किंवा ‘योनक’ म्हणतात. (बखरींमुळं हा शब्द आपल्या कानाला वेगळाच लागतो. इथं तो अर्थ बाजूला ठेवायचा.)

पैनगंगा ओलांडली, नांदेड-लातूर मागं टाकलं आणि तेरला पोचलो. तेरणा नदीकाठच्या या गावात लोक येतात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. पण गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांखाली तगर नावाचं मोठं शहर आहे. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक खलाशानं किंवा व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रमार्गाची माहितीवही लिहिली. लेखकानं स्वतःचं नाव दिलेलं नाही. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान दगड येतात, तगरहून साधं कापड आणि तलम मलमल, आणि हा सगळा माल धड वाटा नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेतात. हे तगर म्हणजे कोणतं गाव यावर एकोणिसाव्या शतकात बरीच भवति न भवति झाली. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं ते तेरच असल्याचं दाखवून दिलं.

बदल्यात काय येत होतं याची ‘पेरिप्लस’मधली यादी मोठी वाचनीय आहे. मद्य, त्यातही पसंती इटलीच्या मद्याला. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सुरमा. राजासाठी वेगळा नजराणा: चांदीची भांडी, गाणारी मुलं, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उंची मद्य, भारी सुगंधी लेप. गाणाऱ्या मुलांचं पुढं काय झालं असेल, हा प्रश्न ती यादी वाचल्यापासून माझा पिच्छा सोडत नाही. भडोचहून किती जण पैठणच्या दरबारापर्यंत पोचले असतील आणि तिथं त्यांनी कोणत्या भाषेत काय गायलं असेल?

तेरचं वस्तुसंग्रहालय गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातून उभं राहिलं. शेतात, ओढ्याकाठी, पावसानं धुपलेल्या टेकाडांवर जे जे सापडेल ते त्यांनी गोळा केलं. मण्यांची कपाटं पाहून झाल्यावर मी पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींपाशी थांबलो. एका बाईचं मस्तक अंगठ्याएवढं, पण केसांची रचना बटेगणिक मोजता यावी अशी. या मूर्ती पुढचा एक आणि मागचा एक अशा दोन साच्यांत काढून जोडत, त्यामुळं त्या आतून पोकळ असतात. कानाच्या मागून गेलेली सांध्याची बारीक रेघ काचेतूनही दिसते. दुहेरी साच्याची ही रीत भूमध्य समुद्राकडून आली असं अभ्यासक मानतात. माती इथली, कुंभार इथला, चेहरा इथला, फक्त हातोटी परदेशची. गोरोबाकाकांच्या आधी हजार-बाराशे वर्षं तेरचे कुंभार दूरदेशीचं तंत्र आत्मसात करून बसले होते.

याच संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पाँपेई शहराच्या उत्खननात १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती निघाली, तिच्याशी हिचं गोत्र जुळतं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची मूर्तीही त्याच घराण्यातली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथं पोचलेली होती. गावातलं विटांचं त्रिविक्रम मंदिरही पाहावं. त्याची मागची बाजू चैत्यगृहासारखी अर्धगोल आहे, आणि ते मुळात बौद्ध चैत्यगृहच असावं असं हेन्री कझिन्सनं सुचवलं होतं.

तिथून कोल्हापूर. टाउन हॉलमधल्या संग्रहालयात समुद्रदेव पोसायडन उभा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास धातूच्या वस्तूंचा एक साठा निघाला, त्यात ही कांस्यमूर्ती होती. पुढं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. मूर्ती वीतभरही नाही. दाढीवाला, अंगावर वस्त्र नसलेला, एका पायावर भार टाकून सैल उभा राहिलेला देव. हे सैल उभं राहणं ही ग्रीक शिल्पाची खास ओळख, आणि लिसिपस या नामांकित शिल्पकाराच्या मूळ पुतळ्यावरून ही मूर्ती बेतल्याचं मानलं जातं. त्याच साठ्यातल्या एका गोल चकतीवर पर्सियस आणि अँड्रोमेडा आहेत: समुद्री राक्षसाच्या तोंडी दिलेली राजकन्या आणि तिला सोडवणारा वीर.

सह्याद्रीच्या अलीकडं, समुद्र दिसतही नाही अशा गावात हा समुद्रदेव कुणी आणला? परतीच्या प्रवासाची धास्ती असलेल्या एखाद्या यवनानं, असं म्हणायचा मोह होतो. पण तो साठा पाहता कोल्हापुरातल्याच एखाद्या हौशी सावकारानं परदेशी चीज म्हणून त्या वस्तू घेतल्या असण्याचा संभव मला जास्त वाटतो. आज आपल्या दिवाणखान्यात लाफिंग बुद्ध असतो, म्हणून आपण चिनी ठरत नाही. अलेक्झांड्रियातला भूगोलकार टॉलेमी इ.स. १५० च्या सुमारास दख्खनच्या राजांची नावं देतो. पैठणचा सिरोप्टोलेमायोस म्हणजे आपला सातवाहन राजा पुळुमावी, आणि बालिओकूरोस म्हणजे कोल्हापूरच्या नाण्यांवरचा विळिवायकुर. पुळुमावीच्या नावात टॉलेमीला स्वतःचंच नाव ऐकू आलं, याची गंमत वाटते.

इथपर्यंत वस्तू भेटल्या होत्या. माणसं भेटली ती कार्ल्याला.

कार्ल्याची वाट एकवीरा आईची आहे. पायऱ्यांवर कोळी-आगरी कुटुंबांच्या रांगा, हार-नारळाची दुकानं, नवसाचे कोंबडे. देवीच्या देवळाला खेटूनच चैत्यगृहाचं तोंड उघडतं. आत गेलं की प्रथम नजर वर जाते, कारण छताच्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. मी नजर खाली आणली. खांबांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत, बरीचशी सहज वाचता येतील अशा उंचीवर, एकेका खांबावर एखाद-दोन ओळी. मजकूर एकाच ठशाचा: अमुक गावच्या अमक्याचं खांबाचं दान. यांतले अर्धा डझन तरी दाते स्वतःला यवन म्हणवतात, आणि जवळजवळ सगळे धेनुकाकट या एकाच गावचे. सिंहध्वज, यशोवर्धन, धर्मध्वज, चुलयक्ष: लेखांतल्या प्राकृत नावांची ही संस्कृत रूपं. एकही नाव ग्रीक नाही.

आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतं ते हेच. यवन म्हटल्यावर डिमेट्रियस, अपोलोडोटस अशी नावं असतील असं आपण धरून चालतो, आणि समोर येतो यशोवर्धन. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की धर्म स्वीकारताना त्यांनी नावं बदलली. काहींच्या मते पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिल्यावर ती आपोआप बदलली. आणखी एक मत असं की समुद्रापलीकडच्या व्यापाराशी संबंध असणाऱ्या कुणालाही त्या काळी यवन म्हणत. मला दुसरं मत पटतं. परगावी दोन पिढ्या काढलेल्या घरांत मुलांची नावं कशी बदलतात ते आपण रोज पाहतो, आणि तरी गावात त्या घराची ओळख बाहेरून आलेलं घर अशीच राहते.

धेनुकाकट कुठं होतं हे वादाचं आहे. दामोदर कोसंबींनी ते कार्ल्याजवळच्या देवघर गावाच्या परिसरात शोधलं, इतरांनी आंध्रपर्यंत नेलं. गावात नुसते यवनच होते असंही नव्हे. चैत्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या एका गांधिकाचं, म्हणजे अत्तर-सुगंधांच्या व्यापाऱ्याचं, नाव आहे, आणि सुतारकाम करणाऱ्या सामीचंही. कोसंबींनी आणखी दोन गोष्टींकडं लक्ष वेधलं. एका खांबाच्या माथ्यावर स्फिंक्ससारखी आकृती आहे: धड पशूचं आणि मुख माणसाचं. आणि दात्यांमध्ये धेनुकाकटचा एक वैद्य आहे, त्याचं नाव मिलिंद. ते राजाचं नाव होतं, पण त्या राजाकडं नंतर येतो.

ग्रीकांची देवळं, रंगभूमी, मल्लविद्या यांतलं काही पाहायला मिळेल अशी आशा घेऊन कुणी महाराष्ट्रात फिरणार असेल तर त्यानं ती कार्ल्यालाच सोडून द्यावी. इथले यवन बौद्ध संघाला दान देणारे गृहस्थ होते, शेजारच्या सुगंध्यासारखे आणि सुतारासारखे. लेख प्राकृतात, लिपी ब्राह्मी, पुण्याची कल्पनाही इथलीच.

जुन्नरला हे आणखी स्पष्ट झालं. कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून वर येई आणि पहिलं मोठं गाव लागे ते हे. घाटमाथ्यावर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख असलेली गुहा आहे आणि बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण, जकातीचा म्हणून सांगतात तो. ‘पेरिप्लस’च्या काळात मात्र कल्याणला यायची ग्रीक जहाजांना भीती होती. तिथं चुकून लागलेली जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो लेखक बजावतो. दोन सत्तांच्या भांडणात धंद्याची कशी ओढाताण व्हायची त्याचा हा नमुना.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत तीन यवनांचे लेख आहेत. शिवनेरीच्या कड्यात, शिवजन्मस्थानाच्या खालच्या अंगाला, चित नावाच्या यवनानं संघासाठी भोजनमंडप दिला आणि इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी. दोघंही स्वतःला ‘गत’ म्हणवतात. स्टेन कोनोव या विद्वानानं या शब्दावरून ते युरोपातले गॉथ असावेत असा तर्क लढवला होता. जुन्नरमध्ये गॉथ! तर्क फारसा टिकला नाही, पण वाचताना मजा येते. तिसरा यवन चंद. त्याचं दान मानमोडीच्या डोंगरात आहे.

मानमोडीला जाताना वाटाड्यानं आधीच ताकीद दिली. मोठ्यानं बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, विडी पेटवायची नाही. कड्याला आग्यामोहोळं लोंबत होती, बैलाच्या पाठीएवढी. भूतलेण्याच्या समोर आम्ही दबक्या पावलांनी पोचलो. चैत्यगृह आत अर्धवटच राहिलेलं आहे, पण दर्शनी कमानीचं कोरीवकाम अप्रतिम. अर्धवर्तुळात कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे, मधोमध लक्ष्मी, बाजूंना हत्ती आणि हात जोडलेली जोडपी. इथंच कोरलं आहे की ही दर्शनी बाजू यवन चंद याचं दान. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीकानं गजलक्ष्मीच्या मुखवट्याचा खर्च उचलला. आज आपल्याकडं देवळाच्या कमानीवर देणगीदाराचं नाव घालतात त्यात नवीन काही नाही.

शिवनेरीकडं परत येताना आमच्या यवतमाळच्या चालकभाऊंनी न राहवून विचारलंच, “सर, इतक्या दुरून आपण टाकी पाहाले आलो का?” हो, तसंच म्हणायचं. पण ज्याच्या गावात मार्चपासून टँकर येतो त्याला तरी हे सांगायला नको. कातळात टाकं खोदणं फार खर्चाचं आणि चिकाटीचं काम, आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले तर डोंगरातल्या भिक्षूंचं सगळं जगणं त्यावर अवलंबून. इरिलनं मूर्ती दिली नाही, शिखर दिलं नाही, पाणी दिलं. आळे फाट्याला जेवताना भाऊंनी स्वतःहून विषय काढला, की ‘तो टाक्यावाला’ माणूस कामाचा होता.

नाशिकला पांडवलेणी चढायला फार वेळ लागत नाही. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात महाराष्ट्रातला सर्वांत सविस्तर यवनलेख आहे. दाता उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा योनक, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. मुलगा धर्मरक्षित याच्यासह त्यानं हे लेणं, आतलं चैत्यगृह आणि पाण्याची टाकी कोरवली, आईवडिलांच्या स्मरणार्थ आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी. दात्तामित्री हे डिमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावानं वसलेलं शहर मानतात. एका लेखात किती थर आहेत पाहा: गावाला ग्रीक राजाचं नाव, माणसाच्या नावात इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव, बापाच्या आणि मुलाच्या नावांत धर्म, आणि दान बौद्ध संघाला. विदिशेजवळच्या हेलिओडोरसनं गरुडस्तंभ उभारून स्वतःला भागवत म्हणवलं, पण नाव ग्रीकच ठेवलं होतं. तो राजाचा वकील होता, परत जाणारा. इंद्राग्निदत्त राहायला आलेला होता. ओसरीच्या खांबांवरचे हत्ती आणि त्यांवरचे स्वार झोकात कोरले आहेत, आतलं काम मात्र तसंच टाकून दिलं आहे. पैसा संपला की काळ बदलला, ते लेख सांगत नाही.

काळ बदलल्याचा पुरावा याच डोंगरात आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपला दिवंगत मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची प्रशस्ती कोरवली, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी. तीत तो शक, यवन आणि पह्लव यांचं निर्दालन करणारा आहे. पराक्रमाची ही ओळ आणि यवनाच्या दानाचा लेख यांच्यात पाच मिनिटांचं अंतर. राजांचं वैर आणि सावकारांचा धर्म वेगवेगळ्या चालीनं चालत होते.

ते वैर नाण्यांवरही उमटलं. नाशिकजवळ जोगळटेंभी इथं १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं. नहपान शक होता, त्याची प्रजा मराठी मुलखातली, आणि तरी नाण्यावर ग्रीक लिपी, कारण उत्तरेत ग्रीक राजांनी चांदीच्या नाण्याचा जो ठसा पाडला तोच बाजारात चालत होता. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारून घेतला. अशा नाण्यावर नीट पाहिलं तर सातवाहनांच्या डोंगरचिन्हाखालून नहपानाचं नाक किंवा एखादं ग्रीक अक्षर डोकावतं.

परतीला छत्रपती संभाजीनगरात नागसेनवनात थांबलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये इथं महाविद्यालय काढलं, ते पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. कार्ल्याच्या वैद्याचं नाव ज्या राजाचं, तो हा मिलिंद म्हणजे मिनँडर, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, राजधानी सागल, हल्लीचं सियालकोट. भिक्षू नागसेनाला तो प्रश्न विचारत जातो आणि नागसेन उत्तरं देत जातो, असा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ आहे. रथ म्हणजे नेमकं काय, चाक की आस की जू, हा त्यातला प्रसिद्ध प्रसंग. राजा वादात कुणाला ऐकत नसे, आणि हरल्यावर मात्र मोकळेपणानं कबूल करी. प्लुटार्क लिहितो की हा राजा मेला तेव्हा त्याच्या अस्थींसाठी शहरं भांडली, आणि शेवटी त्या वाटून घेऊन त्यांवर स्मारकं उभारली गेली. बुद्धाच्या अस्थींची कथा अशीच आहे. मिनँडरच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनीही त्याची जुनी नाणी भडोचच्या बाजारात चालत होती, ही माहितीही ‘पेरिप्लस’चीच.

परिसराला गुरूचं नाव आणि महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचं, ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. संस्थांना उत्तरं देणाऱ्यांची नावं ठेवायची रीत आपल्याकडं मुबलक आहे. दुपारी पोरं झाडांखाली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली होती. त्यातल्या एकाला विचारलं तर तो निघाला आमच्याच दारव्हा तालुक्याचा. मिलिंद कोण, यावर त्यानं सागलचं नाव घेतलं, ग्रीक असल्याचं सांगितलं आणि वर विचारलं, “काका, तुमच्या ओळखीत मिलिंद किती आहेत?” मोजायला लागलो. शेजारी एक, भाच्यांच्या मित्रांत दोन, बँकेत एक, आणि दिग्रसचा एक जिनिंगवाला.